धाग्यांची ओळख आणि त्यांची शिस्त

१४ ऑगस्ट २००३ रोजीं अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडाचा ऑन्टेरिओ प्रांत येथील सुमारें पांच कोटि लोकांची वीज गेली. ओहायओ राज्यांतील विजेच्या मुख्य तारा वाढलेल्या झाडांना टेकून बंद पडत होत्या. परंतु नियंत्रण-कक्षांत धोक्याची सूचना देणारा संगणक त्यापूर्वींच मुका झाला होता. तपासांतीं आढळलें कीं, त्यांतील दोन कामांनीं एकाच माहितीला एकाच वेळीं हात घातला होता. असा घोटाळा कसा होतो व कसा टाळतां येतो, हा आजचा विषय.

संगणकाची आज्ञावली म्हणजे ओळीनें पाळावयाच्या आज्ञांची माळ. एकाच आज्ञावलींत अशा अनेक माळा एकाच वेळीं चालूं शकतात. प्रत्येकीस 'थ्रेड' म्हणजे धागा म्हणतात. उदाहरणादाखल 'जावा' ही संगणकभाषा घेऊं. ती १९९५ सालीं प्रसिद्ध झाली, आणि धागे हें तिचें प्रथमपासूनचें अंग आहे. या भाषेंत माहिती व तीवर करावयाच्या कृति 'ऑब्जेक्ट' नांवाच्या घटकांत एकत्र बांधतात. धागा हाही असाच एक ऑब्जेक्ट होय.

समजा, एका खात्यांत ५०० रुपये आहेत. एक धागा २०० रुपये जमा करावयास आला, दुसरा १०० रुपये खर्चीं टाकावयास. दोघांनींही शिल्लक वाचली ती ५००. पहिल्यानें ७०० लिहिले. लागलींच दुसऱ्यानें आपल्या हिशेबाप्रमाणें ४०० लिहिले. खरी शिल्लक ६०० हवी. २०० रुपये नाहींसे झाले! दोघांचेंही गणित बरोबर, वही मात्र चुकलेली. शिवाय असा योग क्वचितच जुळून येतो, म्हणून चांचणींत तो सांपडत नाहीं.

यावर उपाय असा. जावामध्यें प्रत्येक ऑब्जेक्टला एक अदृश्य कुलूप असतें. 'सिंक्रोनाइज्ड' हा शब्द लावलेल्या भागांत शिरण्यापूर्वीं धाग्यानें तें मिळविलें पाहिजे; तो आंत असेपर्यंत त्याच कुलपाची वाट पाहणाऱ्या इतरांनीं बाहेर थांबावें. आंत गेलेल्यास हवी ती वस्तु अद्याप तयार नसेल, तर तो 'वेट' म्हणून कुलूप सोडतो व स्वस्थ बसतो. वस्तु तयार करणारा 'नोटिफायऑल' म्हणून सर्वांस जागें करतो. जागें झालेल्यानें मात्र कुलूप पुन्हां मिळवून, वस्तु खरोखरच आहे ना, हें पुन्हां पाहावें. दुसऱ्यानें ती आधींच नेलेली असूं शकेल.

कुलुपांपासूनही धोका असतो. पहिल्यापाशीं एक कुलूप, दुसऱ्यापाशीं दुसरें, आणि प्रत्येकास दुसऱ्याजवळचें हवें. मग दोघेही जन्मभर ताटकळत बसतात. सर्वांनीं कुलुपें एकाच ठराविक क्रमानें घेतलीं, म्हणजे हा पेंच पडत नाहीं.

पेंच पडलाच, तर कोण कोणासाठीं अडला हें शोधावें लागतें. येथें ओळखीचें महत्त्व. माझें आयुष्य हजेरीपत्रकाशीं गेलें. वर्गांत एकाच नांवाचे दोन विद्यार्थी असले म्हणजे पटावरील क्रमांकच उपयोगी पडतो. येथेंही तसेंच. प्रत्येक धाग्यास नांव देतां येतें, पण दोघांचें नांव एकच असूं शकतें. क्रमांक मात्र चालू धाग्यांत ज्याचा त्याचा वेगळा. आपण नांव न दिल्यास साधा धागा 'थ्रेड-०', 'थ्रेड-१' असा ओळखला जातो. २०२३ सालच्या २१ व्या आवृत्तींत कायम झालेल्या हलक्या 'व्हर्च्युअल' धाग्यांस तर दिल्यावांचून नांवच नसतें. अडलेल्या धाग्यांची यादी काढली असतां 'थ्रेड-७' यावरून कांहींच उमगत नाहीं. 'व्याज-आकारणी' असें नांव दिसतांच शोध कोठें घ्यावयाचा तें कळतें.

आज पेढीचे हिशेब व आगगाडीचीं तिकिटें अशाच अनेक धाग्यांवर अवलंबून आहेत. आपल्या घरांतील जे तरुण हा व्यवसाय करतात त्यांस एवढेंच सांगणें आहे: सामाईक वस्तूस कुलूप लावा, कुलुपांचा क्रम ठरवा, आणि प्रत्येक धाग्यास अर्थपूर्ण नांव द्या.