फोर्कलिफ्टचा परवाना कोण देतो?

अमेरिकेत फोर्कलिफ्ट चालवण्याचा परवाना सरकारी कार्यालयात मिळत नाही. कामगारांच्या सुरक्षिततेचे नियम करणाऱ्या ‘ओशा’ या केंद्रीय यंत्रणेने ते काम मालकावर सोपवले आहे. ऑपरेटरला शिकवायचे, पारखायचे आणि तो लायक असल्याचे लेखी नोंदवायचे, हे सगळे मालकाने. हे नियम डिसेंबर 1998 मध्ये जाहीर होऊन पुढच्या वर्षी अमलात आले. इंटरनेटवर घरबसल्या मिळणारे प्रमाणपत्र एकट्याने या नियमाला पुरत नाही, मग जाहिरात काहीही म्हणो.

कारण प्रशिक्षणाचे भाग तीन आहेत. व्याख्यान, व्हिडिओ किंवा संगणकावरून शिकणे हा पहिला. त्यानंतर यंत्रावरचा सराव आणि शेवटी कामाच्या जागी परीक्षा. शिकाऊ माणसाने जाणकाराच्या नजरेखाली, इतरांना धोका पोहोचणार नाही अशा ठिकाणीच यंत्र चालवायचे असते.

सरावावरचा हा भर यंत्राच्या रचनेतून आला आहे. मोटार चालवण्याची सवय इथे उलट आड येते. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. वळताना तिचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला फिरतो आणि शेजारी उभ्या माणसाला चेपू शकतो. पुढचा माल आणि मागचे वजन यांचा तोल पुढच्या चाकांवर सी-सॉसारखा सावरलेला असतो. पाटीवर 2,500 किलो लिहिलेले असले तरी तो आकडा मालाचा गुरुत्वमध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून ठरावीक अंतरावर, अनेकदा 500 मिलिमीटरवर, असतानाचा. तेवढ्याच वजनाचे लांब खोके उचलले की मागची चाके उचलली जाऊ शकतात. माल उंच धरून वेगात वळले तर यंत्र कुशीवर पडते. अशा वेळी उडी मारणारा बहुधा यंत्राखालीच सापडतो. म्हणून बसून चालवायच्या फोर्कलिफ्टमध्ये पट्टा बांधून, स्टिअरिंग घट्ट धरून आतच राहायचे, हे अंगवळणी पाडावे लागते.

प्रशिक्षण त्या प्रकारच्या यंत्रापुरते आणि त्या जागेपुरते असते. उतार, अरुंद वाटा, बंद गोदामात साठणारा धूर, माणसांची वर्दळ हे सारे त्यात येते. प्रमाणपत्रात ऑपरेटरचे नाव, प्रशिक्षणाची व परीक्षेची तारीख आणि ते घेणाऱ्याची ओळख असावी लागते. दर तीन वर्षांनी निदान एकदा पुन्हा परीक्षा होते. अपघात झाला, थोडक्यात टळला, यंत्र बदलले किंवा कोणी बेफिकीर चालवताना दिसले, तर उजळणी लगेच. शेतीबाहेरच्या कामात 18 वर्षांखालच्या मुलांना फोर्कलिफ्ट चालवण्यास बंदी आहे.

भारतात केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायचे खास वाहन 1988 च्या मोटार वाहन कायद्यातील ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतून वगळलेले आहे. साहजिकच रस्त्यावरच्या वाहनाचा परवाना हा अशा यंत्रावरच्या कौशल्याचा पुरावा होत नाही.

अमेरिकेत नोकरी बदलणाऱ्याला सगळे पहिल्यापासून शिकावे लागत नाही. नव्या मालकाने पारखून तो सक्षम ठरला, तर आधी शिकलेले धरले जाते. नवे यंत्र आणि नवी जागा यांच्यापुरते मात्र शिकवावेच लागते.