कॅमेरा कोणता चांगला ?

नवा फोन घ्यावयाचें ठरलें म्हणजे हल्लीं घरांत पहिला प्रश्न निघतो तो ‘ह्याचा कॅमेरा कसा आहे ?’ हा. त्यावर बोलणें नीट ऐकूं येतें कीं नाहीं, हें कोणी विचारीतही नाहीं. ह्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. बारसें, मुंज, मंगळागौर, लग्न, साठीशांत ह्या सर्वांची स्मृति आतां ह्याच यंत्राच्या स्वाधीन झाली आहे. नवीं वस्त्रें लेवून, ओळीनें बसून, फोटोवाल्याकडून वर्षांतून एकदां चित्र काढवून घेण्याचे दिवस गेले. तेव्हां ज्या यंत्रावर घराच्या आठवणी सोंपवावयाच्या, त्याची पारख कशी करावी ह्याचा एकदां शांतपणें विचार करणें अवश्य आहे.

आमच्या घरीं हा प्रसंग आईच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्तानें आला. वडिलांचें एकच छायाचित्र आमच्यापाशीं आहे, आणि तेंही एका लग्नाच्या गर्दींतून कापून मोठें केलेलें, अस्पष्ट. आईच्या बाबतींत तसें होऊं नये, असें सर्वांच्या मनांत होतें. एक उत्तम फोन घरखर्चांतून घ्यावा, इतकें ठरलें. परंतु कोणता, ह्यावर एकमत होईना. पुतण्या म्हणे, “काका, ज्याचे मेगापिक्सेल जास्त तो घ्यावा, ह्यांत विचार कसला?” सून म्हणाली, “मामंजी, आंकड्यांवर जाऊं नका. आधीं दोन्हींवर चित्रें काढून पाहूं, मग ठरवूं.” ओळखीपाळखीनें दोन निरनिराळ्या कंपन्यांचे फोन आठ दिवसांपुरते घरीं आले, आणि निवाड्याचें काम माझ्याकडे आलें. त्या आठ दिवसांत जें वाचलें व पाहिलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

प्रथम आंकड्यांचें पाहूं. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदु. भिंगांतून आलेला प्रकाश ज्या पटलावर पडतो त्यास सेन्सर म्हणतात, व त्यावर हे बिंदु मांडलेले असतात. सॅमसंगच्या २०२३ सालच्या गॅलक्सी एस २३ अल्ट्रा ह्या फोनांत २०० मेगापिक्सेलचें, म्हणजे वीस कोटी बिंदूंचें पटल आहे. ॲपलनें २०२२ सालीं आयफोन १४ प्रोमध्यें ४८ मेगापिक्सेलचें पटल घातलें. त्यापूर्वीं २०१५ पासून आयफोनचा मुख्य कॅमेरा बारावरच होता. आतां थोडा हिशेब करावा. १२ मेगापिक्सेलच्या चित्रांत आडवे सुमारें ४,००० व उभे ३,००० बिंदु असतात. उत्तम छपाईस दर इंचास ३०० बिंदु पुरतात. म्हणजे तेवढ्यावरच १३ इंच रुंद व १० इंच उंच अशी स्वच्छ तसबीर छापतां येते. घरच्या भिंतीस ह्याहून अधिक काय पाहिजे ?

दुसरी गोष्ट अशी कीं, हें पटल जेमतेम नखाएवढें असतें. त्यावर बिंदु जितके अधिक, तितका प्रत्येक बिंदु लहान. वर सांगितलेल्या २०० मेगापिक्सेलच्या पटलावरील एक बिंदु ०.६ मायक्रॉनचा, म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या सुमारें शंभराव्या भागाएवढा आहे. पावसांत अंगणांत घंगाळ व पळी शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर पाणी कशांत अधिक सांठेल हें सांगावयास नको. प्रकाशाचेंही तसेंच आहे. लहान बिंदूच्या वाट्यास तो थोडा येतो, आणि संधिप्रकाशांत चित्रावर वाळू सांडल्यासारखे कण दिसूं लागतात. हें कंपन्यांस ठाऊक असल्यामुळें, असे सोळा शेजारी बिंदु जोडून त्यांचा एक करण्याची योजना त्या फोनांतच केलेली असते. दोनशेंस सोळांनीं भागिलें म्हणजे साडेबारा येतात. आयफोन १४ प्रोमध्येंही चार बिंदूंचा एक होतो, आणि अठ्ठेचाळिसांचे बाराच राहतात. नेहमींच्या वापरांत हातीं पडणारें चित्र असें फिरून बाराच्या घरांत येतें. हा भागाकार कागदावर मांडून दाखविल्यावर पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. तथापि मोठा आंकडा अगदींच निरुपयोगी आहे असें नाहीं. भर उन्हांत, पूर्ण बिंदु वापरून, बारीक अक्षरांचें चित्र घ्यावयाचें असेल तेव्हां त्याचा उपयोग होतो. तो कसा, तें पुढें येईल.

तिसरी गोष्ट भिंगाची. लांबचें जवळ आणण्याच्या दोन रीति आहेत. एक, स्वतंत्र लांब पल्ल्याचें भिंग बसविणें. दुसरी, घेतलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून तो फुगविणें. आयफोन १५ प्रो मॅक्स व गॅलक्सी एस २४ अल्ट्रा ह्या दोहोंत पांचपट जवळ आणणारें खरें भिंग आहे. जाहिरातींत जी शंभरपट वाढ सांगतात, तींत भिंगाचा वांटा थोडा व फुगविण्याचा फार. नातवाचें नाटक शेवटच्या रांगेंतून टिपावयाचें असेल, तर खरें भिंग किती पटींचें आहे तेवढेंच विचारावें.

परंतु आजच्या फोनांतील खरी चुरस पटलांत नाहीं आणि भिंगांतही नाहीं. ती गणितांत आहे. आपण बटण एकदां दाबतों, फोन मात्र एकामागून एक अनेक चित्रें घेतो, तीं एकावर एक जुळवितो, हलका भाग उजळतो, भडक भाग दाबतो, कण पुसतो, आणि मग एक चित्र आपल्या हातीं देतो. गूगलनें २०१८ सालीं आपल्या पिक्सेल फोनांत रात्रीच्या चित्रांसाठीं जी युक्ति आणली, तींत एका चित्रासाठीं पंधरापर्यंत चित्रें जुळविलीं जात. ह्या गणिताचें सामर्थ्य केवढें आहे, ह्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. मार्केस ब्राउनली हे अमेरिकन समीक्षक फोनांचीं नांवें झांकून, नुसतीं चित्रें लोकांपुढें ठेवून मतें घेतात. २०२२ सालच्या त्यांच्या परीक्षेंत लक्षावधी लोकांनीं पसंती दिली ती गूगलच्या पिक्सेल ६ ए ह्या स्वस्तांतल्या फोनास. त्याचा मुख्य कॅमेरा होता १२.२ मेगापिक्सेलचा, आणि ४८ मेगापिक्सेलचा महागडा आयफोन १४ प्रो त्याच्या मागें राहिला. ह्याच परीक्षांतून आणखी एक गोष्ट उघड झाली. दोन चित्रांतील जें अधिक उजळ, तें लोकांस बहुधा अधिक चांगलें वाटतें. कंपन्या हें ओळखून आहेत.

येथेंच माझ्यासारख्या जुन्या पद्धतीनें शिकलेल्या माणसास थांबावेंसें वाटतें. आपल्या नैयायिकांनीं ज्ञानाच्या साधनांत प्रत्यक्ष व अनुमान असा भेद केला आहे. डोळ्यांनीं अग्नि पाहिला तर तें प्रत्यक्ष. डोंगरावर धूर पाहून अग्नि असेल असें म्हटलें तर तें अनुमान. जुना कॅमेरा बहुतांशीं प्रत्यक्षवादी होता. आजचा फोन जें दिसलें नाहीं तेंही, पूर्वीं पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून, असेल असें धरून भरून काढितो. २०२३ च्या मार्चांत एका गृहस्थानें चंद्राचें चित्र मुद्दाम पुसट करून संगणकाच्या पडद्यावर ठेवलें, व अंधाऱ्या खोलींतून सॅमसंगच्या फोननें त्याचें चित्र घेतलें. मूळांत नसलेले डाग व खळगे नव्या चित्रांत उमटले ! फोन चंद्र ओळखतो व त्याचा तपशील स्पष्ट करितो, आणि ही सोय बंद करतां येते, असा खुलासा कंपनीनें त्यावर केला. गूगलच्या २०२५ सालच्या पिक्सेल १० प्रो मध्यें तर फार लांबचीं चित्रें अशा अनुमानानेंच स्पष्ट केलीं जातात. मात्र माणसांच्या चेहऱ्यांस ती रीति लावावयाची नाहीं, एवढा विवेक कंपनीनें ठेविला आहे.

चंद्राच्या बाबतींत हें अनुमान एक वेळ क्षम्य म्हणावें. कारण चंद्र आपली एकच बाजू सदैव पृथ्वीकडे ठेवितो, आणि त्याचे डाग सर्वांस ठाऊक आहेत. पण माणसाचा चेहरा चंद्र नव्हे. हजारों वृद्ध स्त्रियांच्या चेहऱ्यांवरून एका स्त्रीचा चेहरा ठरवितां येत नाहीं.

ह्याचा अनुभव आम्हांस पहिल्याच सायंकाळीं आला. देवघरांत समईच्या उजेडांत आई जप करीत बसली असतां दोन्ही फोनांनीं तिचीं चित्रें घेतलीं. पहिल्या फोनचें चित्र पाहून मुलें हरखून गेलीं. खोली उजळलेली, लुगड्याचा रंग खुललेला, चेहरा नितळ. दुसऱ्याचें चित्र काळसर, थोडें कणीदार. मतें घेतलीं तर पहिल्यास सहा व दुसऱ्यास एक. शेवटीं तें आईच्या हातीं दिलें. तिनें चष्मा लावून पुष्कळ वेळ पाहिलें आणि म्हणाली, “छान आहे हो. पण ही माझी धाकटी बहीण दिसते, मी नव्हे. माझें गोंदण कोठें आहे ?” आईच्या हनुवटीवर हिरव्या गोंदणाचा एक ठिपका आहे. ती सात वर्षांची असतां तिच्या आजीनें तो पाडून घेतला होता. सुरकुत्यांबरोबर फोननें तोही डाग समजून पुसून टाकला होता ! चेहरा गुळगुळीत करण्याची सोय त्या फोनांत आम्हांस न विचारतां चालू होती, हें मागाहून कळलें. ती बंद केल्यावर ठिपका परत आला; सुरकुत्या मात्र सगळ्या आल्या नाहींत.

कोणी म्हणेल, पूर्वींचे फोटोवालेही कांचेवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या मिटवीत असत. खरें आहे. पण तें काम माणूस करी, आणि “थोडें साफ करूं का ?” असें विचारून करी.

दुसरी परीक्षा पोथीची. आजोबांनीं स्वहस्तें उतरलेली एक पोथी आमच्याकडे आहे. तिचीं पानें आतां तुटूं लागलीं आहेत. रात्रीं दिव्याखालीं घेतलेल्या चित्रांत एका फोननें कण पुसतांना कांहीं अनुस्वारही पुसले. संस्कृतांत अनुस्वार गेला म्हणजे विभक्ति गेली, आणि विभक्ति गेली म्हणजे अर्थ गेला. परंतु तींच पानें दुसऱ्या दिवशीं सकाळीं अंगणांत सावलीला धरून, पूर्ण बिंदु वापरून घेतलीं, तेव्हां मोठ्या आंकड्याच्या त्या फोननें दुसऱ्यास सहज मागें टाकिलें. शाईचा फराटासुद्धां त्यांत दिसत होता. पुतण्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें, हें मला तेव्हां मोकळेपणानें कबूल करावें लागलें.

ह्या अनुभवावरून, घरीं परीक्षा करूं इच्छिणाऱ्यांस चार गोष्टी सुचवितों.

पहिली, भिंग स्वच्छ पुसावें. अर्धे दोष बोटांच्या तेलकट डागांचेच असतात. दुसरी, दोन्ही फोनांनीं एकाच जागीं, एकाच वेळीं, एकाच माणसाचें चित्र घ्यावें, आणि तें दिवसाउजेडीं, समईच्या उजेडांत व धांवत्या मुलाचें असें तीन प्रकारचें असावें. उन्हांतील चित्रांवरून फोनांची पारख होत नाहीं. उन्हांत सारेच शहाणे. तिसरी, चित्रें फोनच्या चकचकीत पडद्यावर न पाहतां एकाच मोठ्या पडद्यावर, फोनचें नांव झांकून पाहावीं. व्हॉट्सॲपवरून नेहमींच्या रीतीनें पाठविलेलें चित्र वाटेंत लहान होतें, म्हणून तें ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावें. चौथी व सर्वांत महत्त्वाची, ‘कोणतें सुंदर ?’ असें न विचारतां ‘कोणतें खरें ?’ असें विचारावें. सांवळी सून चित्रांत गोरी झाली, तर तो कॅमेऱ्याचा गुण नव्हे, दोष होय. निरनिराळ्या वर्णाच्या लोकांचे चेहरे आहेत तसे यावेत ह्यासाठीं गूगलनें २०२१ सालीं पिक्सेल ६ पासून मुद्दाम प्रयत्न आरंभिला, ह्यावरून हा दोष किती पसरलेला होता हें ध्यानांत येईल.

आतां आमचा निवाडा. मोठ्या आंकड्याचा फोन परत जाण्यापूर्वीं त्यानें सबंध पोथीचीं चित्रें आम्हीं घेऊन ठेविलीं. आणि विकत घेतला तो दुसरा, कारण घरांतील माणसें त्यांत ओळखूं येतात. आईचें चित्र मात्र सकाळीं आठाच्या सुमारास, ओसरीवर, खिडकीकडे तोंड करून बसवून काढलें. गंमत अशी कीं, त्या उजेडांत दोन्ही फोनांच्या चित्रांत फरक शोधावा लागला. जेथें प्रकाश पुरेसा असतो तेथें यंत्रास अनुमानाची गरज फारशी उरत नाहीं. म्हणून ज्यांस नवा फोन घेणें शक्य नाहीं त्यांनीं खंत करूं नये. घरांतील वडील मंडळीस सकाळच्या उजेडांत बसवावें, आणि हातीं असेल त्या फोननें चित्र काढून घ्यावें. पण तें आजच काढावें.

आईची तसबीर आतां वडिलांच्या शेजारीं भिंतीवर आहे. तींत सुरकुत्या सगळ्या आहेत, आणि हनुवटीवरचा तो हिरवा ठिपकाही आहे. ती येतां जातां तिकडे पाहते आणि म्हणते, “हो, ही मीच.”