दहावीतली गाणी आणि आपला धवला



भाताच्या रोपाला लावणीची वेळ असते, हे तुम्हाला मी सांगायला नको. रोप 21 ते 25 दिवसांचे झाले, चार-पाच पाने आली, की चिखलात चटकन मूळ धरते. तेच रोप जुने होऊन लावले तर जगते, पण फुटवे कमी. गाण्याचेही तसेच आहे. माणसाच्या मनात गाणे रुजण्याची एक वेळ असते, आणि ती हायस्कूलच्या वयात सुरू होते. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण गावाच्या कामाचा आहे.

तुमचे गाणे कोणते?

संध्याकाळी ओटीवर तीन पिढ्या बसलेल्या असतील तर विचारून बघा. पंच्याहत्तरीचे आजोबा बिनाका गीतमालेचे नाव काढतील. रेडिओ सिलोनवर 1952 साली ती सुरू झाली. दर बुधवारी रात्री आठला अमीन सयानी यांचा आवाज यायचा आणि ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्याकडे माणसे जमायची. पन्नाशीतले काका कॅसेटवर येतील. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, वेसावकर मंडळींची कोळीगीते. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायची, हे त्यांना अजून आठवते. आणि आमची तिशीतली पिढी? ‘तेरे नाम’ 2003 चा, ‘अगं बाई अरेच्चा!’ 2004 चा, ‘जत्रा’ 2006 चा. शाळा सुटल्यावर विम्को नाक्यावर रिक्षांतून हीच गाणी कानावर पडायची. आजही कुठे ऐकू आली की हातातले काम थांबते.

प्रत्येक जण म्हणणार, “आमच्या वेळची गाणी ती गाणी, आताची काय हो!” आजोबाही हेच म्हणतात, काकाही हेच म्हणतात आणि आम्हीही म्हणायला लागलो. सगळेच बरोबर कसे असतील? म्हणजे खुबी नुसती गाण्यात नाही, ऐकणाऱ्याच्या वयात आहे.

असे का होते?

यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत 1989 साली होलब्रुक आणि शिंडलर या दोन संशोधकांनी निरनिराळ्या वयाच्या लोकांना निरनिराळ्या काळातली गाणी ऐकवली. सरासरीने लोकांना सर्वांत जास्त आवडली ती ते स्वतः तेवीस-चोवीस वर्षांचे असताना गाजलेली गाणी. मागे-पुढे गेले की आवड उतरत जाते. हायस्कूलपासून पंचविशीपर्यंत आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी पहिल्यांदा घडतात. मैत्री, पहिली कमाई, लग्न. त्या आठवणींबरोबर गाणेही घट्ट बसते.

दुसरा अभ्यास कॉर्नेल विद्यापीठातला, 2013 सालचा. विशीतल्या मुलांना स्वतःच्या काळातल्या गाण्यांबरोबर आई-वडिलांच्या तरुणपणातली गाणीही जवळची वाटतात, असे त्यात दिसले. घरात वाजत राहिलेली ती गाणी. म्हणजे मोठ्यांनी मुलांच्या कानावर घातलेले गाणे पुढच्या पिढीत उतरते. घातलेच नाही, तर उतरणार कुठून?

याचा दाखला लांब शोधायला नको. फाळणीनंतर सिंधी कुटुंबे शेजारच्या छावणीत आली, आणि 1949 साली त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. जमीन गेली, घरे गेली. पण लग्नात गायची ‘लाडा’ गीते त्यांनी बरोबर आणली. सिंध कधी न पाहिलेली नातवंडेही त्या गाण्यांवर नाचतात.

आता आपल्याकडे बघा

आपल्या आगरी समाजाच्या लग्नात धवला असतो. हळदीपासून लग्नाचे विधी धवलारीण गाण्यातून पुढे नेते. पोथी नाही, कागद नाही. एका बाईकडून दुसरीकडे, तोंडी. हा शब्दही जुना आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने रचलेले ‘धवळे’ मराठीतल्या आद्य काव्यांत गणले जातात.

अंबरनाथ पश्चिमेला जावसई, खुंटवलीसारख्या जुन्या गावांत भाताची खाचरे जाऊन इमारती आल्या. खाचराबरोबर लावणीला एका सुरात गाणाऱ्या बायांची रांगही गेली. उरला तो मांडवातला धवला. पण तिथे होते काय? धवलारीण गायला बसते तेव्हा पोरे बाहेर डीजेच्या गाडीपाशी. आठवी-नववीतल्या मुलाच्या कानावर धवला पडतच नाही. तो पंचविशीचा होईल तेव्हा त्याला डीजेची गाणी आठवतील, आजीचा सूर आठवणार नाही. दोष पोराचा नाही. वाफ्यात बीच टाकले नाही, तर रोप कुठून येणार?

काय करता येईल?

1. हळदीच्या रात्री डीजे सुरू होण्याआधी निदान अर्धा तास माइक धवलारणीला द्या. आठवी ते दहावीची मुले-मुली समोर बसवा. डीजे बंद करा असे मी म्हणत नाही. ती गाणी त्यांच्या वयाची आहेत, त्यांनी ती जपावीतच.

2. सरपंच, सदस्य आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी गावातल्या धवलारणींची नावे वहीत नोंदवावीत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत त्यांचा मान करावा. अंबरनाथ पश्चिमेची गावे पालिका हद्दीत आहेत, तिथे हे काम गावकीने किंवा मंडळाने उचलावे.

3. शाळेच्या स्नेहसंमेलनात एक कार्यक्रम धवल्याचा ठेवावा. मुलांनी नुसते ऐकू नये, दोन ओळी म्हणाव्यात. तोंडी बसलेले गाणे जात नाही.

4. मोबाईल घरोघरी आहे. धवलारणीची परवानगी घेऊन रेकॉर्डिंग करा. सुरुवातीला तिचे नाव, गाव, विधी आणि तारीख बोलून घ्या. शब्द वहीत तिच्याच बोलीत उतरवा, ‘शुद्ध’ करायला जाऊ नका. रेकॉर्डिंग दोन ठिकाणी ठेवा. फोन हरवतो, कॅसेटही टिकत नाही. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास नदीकाठच्या घरांत पाणी शिरले होते, हे आपण विसरलेलो नाही.

यात खर्च जवळजवळ नाही. अडचण आहे ती वेळेची. धवला येणाऱ्या बाया आता वयस्क झाल्या आहेत आणि शिकायच्या वयाची मुले दरवर्षी दहावी होऊन बाहेर पडत आहेत. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल. तुमच्या घरी हळद असेल, तर डीजेची सुपारी देण्याआधी धवलारणीच्या घरी जाऊन या. जाताना घरातल्या नववीतल्या पोरीला बरोबर न्या.