वारेचा हट्ट

मालाडच्या कुठल्याही प्रसूतिगृहाच्या बाकड्यावर सकाळी दहा वाजता जाऊन बसा. एका हातात माता-बाल संरक्षण कार्ड, दुसऱ्या हातात ग्लुकोजचं पाणी, आणि नाक मुरडत एकेक घोट घेणारी कुणीतरी शेजारी सापडेलच. 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, दोन तास थांबायचं, मग रक्त द्यायचं. आकडा 140 किंवा त्यापुढे गेला की पथ्य सुरू. या चाचणीला उपाशीपोटी यावं लागत नाही. सहा वाजता उठून घरच्यांचे डबे भरून येणाऱ्या बाईला ही केवढी मोठी सोय आहे! चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्यांनी ही पद्धत आपल्याकडे रुजवली. त्यांचा जन्मदिवस, 10 मार्च, देशभर गरोदरपणातल्या मधुमेहाच्या जागृतीचा दिवस म्हणून पाळला जातो.

पण कालपर्यंत ठणठणीत असलेल्या बाईची साखर दिवस गेल्यावर वाढते कशी? त्यात मोठा हात वारेचा. जेमतेम अर्धा किलोचा हा अवयव, बाळंतपणानंतर टाकून दिला जाणारा. पण नऊ महिने तो संप्रेरकांचा कारखाना चालवतो. त्यातलं एक आहे प्लॅसेंटल लॅक्टोजेन. शरीरातली बहुतेक संप्रेरकं अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार होतात, आणि हे मात्र शेवटच्या महिन्यात दिवसाला ग्रॅमभर किंवा त्याहूनही जास्त तयार होतं! त्याच्या आणि त्याच्या भावंडांच्या प्रभावाने आईचं इन्सुलिन ढिलं पडतं. आईच्या पेशी साखर कमी उचलतात, उरलेली बाळाकडे जाते. वार बाळाच्या वतीने हट्ट धरते, आणि आईचं शरीर तो पुरवतं.

साखर वार ओलांडते, आईचं इन्सुलिन ओलांडत नाही. म्हणून जास्तीची साखर आली की बाळाचं स्वादुपिंड स्वतःच कामाला लागतं आणि बाळ गुटगुटीत होतं. डेन्मार्कच्या पेडरसन यांनी 1952 मध्येच हे मांडलं होतं. पोटात असताना बाळाला वाढवतात ते इन्सुलिन आणि त्याच्यासारखेच दिसणारे वाढीचे घटक. आपण ज्याला ‘ग्रोथ हार्मोन’ म्हणतो, त्याचा अंमल खरा सुरू होतो जन्मानंतर. ते ज्यांच्यात मुळीच नसतं, अशी बाळंही जन्मतात जवळपास नेहमीच्याच लांबीची.

एस्ट्रिऑल हे संप्रेरक तर बाळ आणि वार यांचं भागीदारीतलं काम. कच्चा माल बाळाच्या अधिवृक्क ग्रंथींचा, पुढची प्रक्रिया बाळाच्या यकृतात, शेवटचा हात वारेचा.

थायरॉइडचा हिशेब वेगळा. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्याच्या सुमारास जागी होते. तोवर मेंदूची घडण आईच्या थायरॉक्सिनवर चालते. त्याला लागतं आयोडीन. मढच्या कोळीवाड्यातली ताजी मासळी ते पुरवते, आणि मासे न खाणाऱ्यांच्या घरी आयोडीनयुक्त मिठाची पिशवी.

सकाळच्या कोरड्या उलट्यांमागचा मोठा गुन्हेगारही 2023 च्या अखेरीस नीट पकडला गेला: जीडीएफ-15 नावाचं संप्रेरक, आणि ते बहुतांशी येतं बाळाच्या बाजूने. ‘नाटकं करते’ म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकून ठेवावं.

आता आपल्या मातीतली गोष्ट. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं तपासली. बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं साडेतीन. पण हडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी मात्र शाबूत! पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही चढं निघालं. म्हणजे आपल्या मधुमेहाची नांदी पोटातच. त्याच गावांत असंही दिसलं, की पालेभाजी, दूध, फळं जास्त वेळा खाणाऱ्या आयांची बाळं थोराड होती.

मग मुंबईच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी हेच करून पाहिलं. ‘सरस’ या प्रकल्पात 2006 पासून सुमारे साडेसहा हजार बायका आल्या. काहींना रोज पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ, तर काहींना कांदा-बटाट्यासारख्या भाज्यांचा. सगळी बाळं मोजली तर वजनात ठोस फरक नाही. पण दिवस जाण्याआधी किमान तीन महिने पहिला खाऊ सुरू केलेल्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरली. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी नोंद: गरोदरपणातला मधुमेह कांदा-बटाट्याच्या गटात 12.4 टक्के, तर पालेभाजीच्या गटात 7.3 टक्के. जो हट्ट वार साखरेसाठी धरते, तो झेलायची आईची ताकद एका पालेभाजीच्या खाऊने वाढली.

‘आधी’ हा शब्द इथे महत्त्वाचा. आपण ओटी भरतो, झोपाळा सजवतो, पंचपक्वान्नं वाढतो ती सातव्या महिन्यात. वारेची मूळ घडण तर पहिल्या तीन-चार महिन्यांतच उरकलेली असते. मुलीचं केळवण मात्र वेळेवर येतं. त्या ताटात श्रीखंडाशेजारी अळूचं फदफदं असू द्या, आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून लाल माठाची एक जुडी तिच्या नावाने जास्त आणा.