पोआरो संपला? मग जपानला चला!

अगाथा ख्रिस्तीच्या पोआरोच्या रहस्यकथा वाचून संपल्या असतील तर सेईशी योकोमिझोचं 'द होन्जिन मर्डर्स' घ्या. १९४६ची कादंबरी. लग्नाची रात्र, आतून बंद खोली, अपरात्री कोतो वाद्याचे विचित्र सूर आणि बाहेर बर्फात रोवलेली तलवार. आजूबाजूला पाऊलखूण एकही नाही! गुप्तहेर किंदाइची तर अगदीच गबाळा. विचारात पडला की डोकं खाजवत बसतो. सुरुवातीला नावांचा गोंधळ होतो, म्हणून मी वहीत वंशावळच काढली होती.

केइगो हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये (२००५) खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं, तरी शेवटी आपण फसतोच. 'जाने जाँ' हा हिंदी सिनेमा यावरूनच आलाय. पण आधी पुस्तक वाचा, प्लीज.