आधी विचारलं असतं तर

१८ एप्रिल २०१६, सोमवार. बेंगळुरूच्या होसूर रस्त्यावर, बोम्मनहळ्ळीच्या आसपासच्या गार्मेंट कारखान्यांतल्या हजारो बायका मशीनं सोडून रस्त्यावर उतरल्या. कुण्या मोठ्या संघटनेनं हाक दिली नव्हती. केंद्र सरकारनं फेब्रुवारीत नियम काढला होता: पीएफमधली मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत काढता येणार नाही. पण ५८पर्यंत शिलाईच्या मशीनवर टिकतं कोण? मुलीचं लग्न, मुलाची फी, सावकाराचं देणं, सगळ्याला तोच एक आधार. दुसऱ्या दिवशी आंदोलन शहरभर पसरलं, जाळपोळ झाली, लाठ्या चालल्या आणि संध्याकाळपर्यंत नियम मागे घेतला गेला.

पुढच्या काही वर्षांत हेच पुन्हा पुन्हा घडलं. मे २०२०मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, कर्नाटक सरकारनं कारखान्यांतला दिवस दहा तासांपर्यंत वाढवला; प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि जूनमध्ये अधिसूचना रद्द करावी लागली. जुलै २०२४मध्ये आयटीतल्या कामाचे तास चौदापर्यंत नेण्याचा प्रस्ताव आला आणि कर्मचारी संघटनेच्या विरोधामुळे मागे पडला. शिलाई करणारी असो की कोड लिहिणारा, ज्याच्या आयुष्यातले तास आणि पैसे, त्यालाच कुणी विचारलं नव्हतं.

२०२५मध्ये कर्नाटकात मात्र वेगळं घडलं. मासिक पाळीच्या रजेसाठी आधी समिती नेमली, मतं मागवली आणि मग वर्षाला १२ भरपगारी रजा मंजूर झाल्या, सरकारी कचेरीपासून गार्मेंटपर्यंत. डॉक्टरचा दाखलाही मागायचा नाही. बाईच्या शब्दावर विश्वास ठेवायचा, ही त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून त्यांच्याच तोंडून मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी १८९०मध्ये मिळाली. कामगाराचं म्हणणं त्याच्याच तोंडून ऐकण्याची वाट आपल्याला नवी नाही.

गार्मेंटच्या लाइनीत तासाचं टार्गेट ठरलेलं असतं. ते चुकू नये म्हणून बायका पाणी कमी पितात; बाथरूमला गेलं की पीस साचतात, सुपरवायझर ओरडतो. कायदे बदलतील तेव्हा बदलतील. टार्गेटचा आकडा ठरवण्याआधी मशीनवरच्या बाईला विचारायला मात्र कुठल्याही कायद्याची गरज नाही.