दहा लाख पौंडांची फिर्याद

ज्यांच्या ज्येष्ठ पुत्राचे नाव आमच्या हिमायतनगराने धारण केले आहे, ते सातवे निजाम मीर उस्मान अली खान जवळच्याच किंग कोठीत राहत. आणि त्या कोठीवरून जाताना इतरांना त्यांचे जडजवाहीर आठवत असले, तरी दिवाणी निवाडे वाचण्याचे व्यसन जडलेल्या मला मात्र त्यांचा लंडनमधला मुकदमाच हटकून आठवतो.

सप्टेंबर 1948 मधील पोलीस कारवाईच्या धामधुमीत निजाम सरकारचे मंत्री नवाब मोईन नवाज जंग यांनी वेस्टमिन्स्टर बँकेतले 10,07,940 पौंड आणि 9 शिलिंग पाकिस्तानचे लंडनमधील हायकमिशनर हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वळते केले. (हे रहिमतुल्ला मूळ मुंबईच्या नामांकित घराण्यातले; सर इब्राहिम रहिमतुल्लांचे चिरंजीव.) आपल्या परवानगीवाचून हे घडले, सबब रक्कम परत करावी, अशी निजामांची तार त्याच महिन्यात बँकेत पोहोचली, परंतु बँकेने कोणालाच पैसे न देता खाते गोठवले.

   

पुढे निजामांची फिर्याद 1954 साली इंग्लंडात दाखल झाली. परकीय सार्वभौम राज्याला त्याच्या संमतीवाचून न्यायालयात खेचता येत नाही, या सार्वभौम उन्मुक्तीच्या तत्त्वावर प्रथम न्यायाधीशांनी ती थोपवली. अपील न्यायालयाने तो हुकूम फिरवला. आणि 1957 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने अपील न्यायालयाचा निर्णय रद्द करून दावा कायमचा अडवला. पैसे कोणाचे, या प्रश्नाला कोणीही हात लावला नव्हता! तथापि या निकालातले माझे आवडते प्रकरण म्हणजे लॉर्ड डेनिंग यांचे स्वतंत्र निवेदन. निष्कर्षापुरते ते सहकाऱ्यांशी सहमत होते. परंतु प्रतिवादी कोण आहे याऐवजी तंट्याचे स्वरूप काय आहे हे पाहून उन्मुक्ती द्यावी, आणि सरकार व्यापारी म्हणून व्यवहार करीत असेल तर त्याने व्यापाऱ्यासारखेच कोर्टात उभे राहावे, हा विचार त्यांनी मांडला, आणि उभय पक्षांनी न मांडलेल्या या विवेचनाशी आपण बांधील नाही, असे इतर उमरावांनी सुनावले. डेनिंग हे विसरणारे गृहस्थ नव्हते. वीस वर्षांनी, 1977 मध्ये, सिमेंट खरेदीच्या व्यवहारावरून नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेवरील ट्रेंडटेक्स कंपनीचा दावा अपील न्यायालयात त्यांच्याचपुढे आला, आणि एकेकाळी एकाकी पडलेले ते मत कायद्याच्या प्रवाहात मिसळले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने सार्वभौम उन्मुक्तीचा कायदा करून व्यापारी व्यवहारांना उन्मुक्तीतून वगळले. पराभूत तर्क विजयी निकालापेक्षा दीर्घायुषी असतो, हे मला येथेच प्रथम उमगले.

सातवे निजाम 1967 साली निवर्तले. खात्यातली रक्कम व्याजाने फुगतच राहिली. अखेर 2013 मध्ये पाकिस्ताननेच बँकेविरुद्ध दावा गुदरला, आणि स्वतःच फिर्यादी झालेल्या राज्याची उन्मुक्ती त्याच पावली संपली. मग न्या. मार्कस स्मिथ यांनी रक्कम शस्त्रपुरवठ्याच्या मोबदल्यात होती येथपासून दावा मुदतबाह्य आहे येथपर्यंतच्या पाकिस्तानच्या साऱ्या कैफियती तपासल्या आणि 2 ऑक्टोबर 2019 रोजी निवाडा दिला, की रहिमतुल्लांकडे ती रक्कम निजामांची विश्वस्त ठेव म्हणून होती. सबब सुमारे साडेतीन कोटी पौंड निजामांच्या हक्काने मागणाऱ्यांचे, म्हणजे त्यांचे नातू मुकर्रम जाह व मुफ्फखम जाह आणि भारत सरकार यांचे ठरले.

अपिलाचा निकाल हाती येताच जिंकले कोण, एवढेच विचारून अनेक जण कागद मिटतात. माझे मत असे, की न्यायालयाने नेमका कोणता प्रश्न ऐकून घेतला आणि कोणता उंबऱ्याबाहेर ठेवला, हे आधी पाहावे. कारण 1957 साली बाहेर ठेवलेल्या एका प्रश्नाचे उत्तर मिळण्यास बासष्ट वर्षे लागली, आणि ज्याने तो विचारला होता त्याला ते ऐकता आले नाही.